पंक संगीत दडवलेले इंग्रजी गूढ शब्दकोडे कसे सोडवावे: नवोदितांसाठी मार्गदर्शन

इंग्रजी वृत्तपत्रांतले गूढ शब्दकोडे, म्हणजे क्रिप्टिक क्रॉसवर्ड, सोडवणे ही शिकून येणारी विद्या आहे. त्यासाठी अफाट इंग्रजी यावे लागते हा समज खरा नाही. मात्र या कोड्यांचा एक प्रकार असा आहे की ज्यात सगळी उत्तरे लिहून झाली तरी कोडे पुरते सुटलेले नसते, कारण त्यांतली दहा-बारा उत्तरे एकाच विषयाची असतात आणि तो विषय सूत्रांत, म्हणजे उत्तरासाठी दिलेल्या इशाऱ्यांत (क्लूंत), कोठेही सांगितलेला नसतो. ब्रिटनमध्ये अशा दडवलेल्या विषयाला ‘घोस्ट थीम’ म्हणतात. या लेखासाठी मी पंक संगीताचा, म्हणजे १९७० च्या दशकातल्या बंडखोर रॉक संगीताचा, विषय निवडला आहे. पंकच्या बऱ्याच गटांची, म्हणजे बँडची, नावे इंग्रजीतले साधे, रोजच्या वापरातले शब्द आहेत. ‘क्लॅश’, ‘जॅम’, ‘वायर’, ‘फॉल’ हे शब्द चौकटीत उघडपणे बसलेले असतात आणि तरीही कोणाच्या नजरेत भरत नाहीत. विषय लपवण्यासाठी याहून सोयीचे साहित्य कोडेकाराला क्वचितच मिळते.

हा लेख दोन प्रकारच्या वाचकांसाठी आहे: मराठी वृत्तपत्रांतली शब्दकोडी नेमाने सोडवणारे पण इंग्रजी गूढ कोड्याच्या वाटेला न गेलेले, आणि गूढ कोडी सोडवणारे पण पंकशी ओळख नसलेले. दोघांनाही माझे सांगणे एकच आहे. आधी प्रत्येक सूत्र त्याच्या शब्दखेळावर सोडवावे आणि विषयाला नंतरच हात घालावा. हा क्रम उलटा केला की चुका सुरू होतात.

लेखातील सर्व सूत्रे मी याच लेखासाठी रचली आहेत. ती देवनागरीत लिहिली असली तरी चौकटीत इंग्रजी स्पेलिंगच भरायचे आहे. मराठी कोड्यात एका घरात काना-मात्रेसह पूर्ण अक्षर बसते, त्या सवयीने ‘क्लॅश’ दोन घरांचा वाटतो. प्रत्यक्षात तो पाच घरांचा आहे. सूत्रानंतर कंसात दिलेला आकडा नेहमी इंग्रजी अक्षरांची संख्या सांगतो.

१. जवळ काय असावे

– शिसपेन्सिल आणि खोडरबर. पेनाने लिहिलेले चुकीचे उत्तर त्याला छेदणारी चार उत्तरे बिघडवते.
– कोरा कागद. अक्षरांची उलटापालट करताना ती एका ओळीत न लिहिता वर्तुळात लिहावीत, म्हणजे मूळ शब्दाची पकड सुटते.
– चांगला इंग्रजी शब्दकोश. ब्रिटिश कोडेकारांमध्ये चेंबर्सच्या कोशाला मान आहे. रोजच्या कोड्यांना कॉलिन्स किंवा ऑक्सफर्डही पुरतो.
– समानार्थी शब्दांचा कोश.
– कोड्यांत वारंवार येणाऱ्या संक्षेपांची स्वतः वाढवत नेलेली यादी.
– पंक गटांची एक छोटी यादी. ती सुरुवातीला बाजूला झाकून ठेवावी. तिचे काम सहाव्या पायरीपासून आहे.

सरावासाठी ‘द हिंदू’मधले रोजचे गूढ कोडे सहज मिळते. ब्रिटनच्या ‘गार्डियन’मध्ये ‘क्विप्टिक’ नावाचे सोपे कोडे येते. गार्डियनमध्ये विषय घेऊन रचलेल्या कोड्यांची मोठी परंपराही आहे; ‘अरौकारिया’ या टोपणनावाने कोडी रचणारे जॉन ग्रॅहम २०१३ मध्ये वारले, पण त्यांच्या विषयकोड्यांचा प्रभाव आजच्या कोडेकारांवर स्पष्ट दिसतो.

२. सूत्राचे दोन भाग वेगळे करावेत

प्रत्येक गूढ सूत्रात दोन भाग असतात. एक भाग उत्तराची सरळ व्याख्या देतो आणि दुसरा भाग तेच उत्तर अक्षरांच्या खेळातून घडवतो. व्याख्या बहुतेक वेळा सूत्राच्या अगदी सुरुवातीला किंवा अगदी शेवटी असते, मध्ये नसते. हे कळले की पहिला आणि शेवटचा शब्द तपासणे एवढेच काम सुरुवातीला उरते. विरामचिन्हांकडे दुर्लक्ष करावे, कारण ती बहुधा वाचकाला चकवण्यासाठीच घातलेली असतात. ‘ऍफ्रिट’ या टोपणनावाच्या जुन्या ब्रिटिश कोडेकाराने घालून दिलेला दंडक आजही पाळला जातो: कोडेकाराच्या मनात सूत्राचा वरवरचा अर्थ नसला तरी चालेल, पण जे त्याच्या मनात आहे ते सूत्राच्या शब्दांतून निघालेच पाहिजे. म्हणून वरवर दिसणारे चित्र बाजूला ठेवून प्रत्येक शब्द सुटा करून पाहावा.

३. शब्दखेळाचे मुख्य प्रकार ओळखावेत

या पायरीवर सर्वांत जास्त वेळ द्यावा.

अक्षरांची उलटापालट. सूत्र: ‘लिस्ट्स रिव्हाइज्ड कट्स’ (५). वरवर पाहता कोणीतरी खर्चातल्या सुधारित कपातींची यादी करत आहे. प्रत्यक्षात ‘रिव्हाइज्ड’ हा सूचक शब्द आहे: ‘लिस्ट्स’ची अक्षरे फिरवा असे तो सांगतो. एल, आय, एस, टी, एस फिरवली की एस, एल, आय, टी, एस, म्हणजे ‘स्लिट्स’, आणि त्याचा अर्थ ‘कट्स’. उलटापालटीच्या सूचक शब्दांची संख्या फार मोठी आहे. मोडणे, बिघडणे, नाचणे, दंगा, वेडेपणा अशा अर्थाचा कोणताही शब्द चालतो. ‘अनार्की’, ‘रायट’, ‘वाइल्ड’, ‘पंक’ हे शब्दही या कामासाठी वापरले जातात. त्यामुळे सूत्रात ‘पंक’ दिसला म्हणून तो विषयाचा इशारा आहे असे समजू नये.

तुकडे जोडणे. सूत्र: ‘कॉन्झर्व्हेटिव्ह व्हिप ब्रिंग्ज कॉन्फ्लिक्ट’ (५). हे ब्रिटिश संसदेतले दृश्य वाटते. ‘कॉन्झर्व्हेटिव्ह’चा संक्षेप सी, चाबूक या अर्थी ‘लॅश’, दोन्ही जोडून ‘क्लॅश’. व्याख्या शेवटी आहे: ‘कॉन्फ्लिक्ट’.

उलटे वाचणे. सूत्र: ‘स्टडी क्रेझी रिव्हर्सल, डूम्ड’ (६). अभ्यासाची खोली म्हणजे ‘डेन’, वेडा म्हणजे ‘मॅड’. डी, ई, एन, एम, ए, डी हा क्रम शेवटाकडून वाचला की डी, ए, एम, एन, ई, डी मिळते, म्हणजे ‘डॅम्ड’. उभ्या शब्दांसाठी हेच काम ‘वर जाणारा’ अशा अर्थाचे शब्द करतात, आडव्या शब्दांसाठी ‘परतणारा’ अशा अर्थाचे.

पोटात घेणे. सूत्र: ‘वी सराउंड आयरिश केबल’ (४). ‘वी’ या शब्दाची डब्ल्यू आणि ई ही अक्षरे ‘आयरिश’चा संक्षेप आय-आर यांना दोन्ही बाजूंनी वेढतात. उत्तर ‘वायर’.

दडलेला शब्द. सूत्र: ‘ट्रॅक्स लेफ्ट इन पेरू त्सुनामी’ (४). हा नवोदितांसाठी सर्वांत सोपा प्रकार आहे, कारण उत्तर सूत्रातच छापलेले असते. ‘पेरू’ची शेवटची दोन अक्षरे आर आणि यू, ‘त्सुनामी’ची पहिली दोन टी आणि एस, मिळून ‘रट्स’, म्हणजे चाकोऱ्या.

दुहेरी व्याख्या. सूत्र: ‘प्रिझर्व्ह ट्रॅफिक प्रॉब्लेम’ (३). बरणीतला मुरंबा आणि रस्त्यावरची कोंडी यांना एकच शब्द आहे, ‘जॅम’. सूत्र फार आखूड असेल तर आधी हाच प्रकार पडताळावा.

उच्चारसाम्य. येथे आपल्याला विशेष सावध राहावे लागते. ब्रिटिश कोडेकार दक्षिण इंग्लंडचा उच्चार गृहीत धरतात आणि त्या उच्चारात शब्दातला, स्वराआधी न येणारा र ऐकूच येत नाही. त्यामुळे ‘सॉस’ आणि ‘सोर्स’, किंवा ‘कॉट’ आणि ‘कोर्ट’, त्यांच्या कानाला एकच असतात. आपण र स्पष्ट म्हणतो, म्हणून हे साम्य आपल्या लक्षात येत नाही. सूत्रात ऐकणे, बोलणे, रेडिओ असे शब्द दिसले की र वगळून उच्चार करून पाहावा.

संक्षेपांच्या बाबतीत मात्र आपली बाजू भक्कम आहे, कारण त्यांतला मोठा भाग क्रिकेटमधून आलेला आहे. ‘मेडन’ म्हणजे एम, ‘कॉट’ म्हणजे सी, ‘रन’ म्हणजे आर, ‘डक’ म्हणजे ओ, आणि ‘ऑन’ म्हणजे ‘लेग’ हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. अमेरिकेतल्या नवोदितांना मात्र हे सगळे पाठ करावे लागते.

४. चौकट भरायला कोठून सुरुवात करावी

सर्व सूत्रे एकदा वाचून दडलेले शब्द आणि उघड दिसणाऱ्या उलटापालटी आधी शोधाव्यात. त्यानंतर ज्या उत्तरांची पहिली अक्षरे छेदातून मिळाली आहेत त्यांच्याकडे वळावे. ब्रिटिश पद्धतीच्या पंधरा बाय पंधराच्या चौकटीत प्रत्येक उत्तराची साधारण निम्मीच अक्षरे दुसऱ्या उत्तराशी छेदतात. उरलेल्या निम्म्या अक्षरांना शब्दखेळाशिवाय दुसरा साक्षीदार नसतो, म्हणून ‘बसतंय’ एवढ्यावर समाधान मानू नये. ज्या उत्तराचा शब्दखेळ उलगडला नाही त्याच्या सूत्राशेजारी खूण करून ठेवावी.

५. शंकेची पाल चुकचुकली तरी घाई करू नये

पंधरा-सोळा उत्तरे भरली की चौकटीकडे एकदा दुरून पाहावे. दडवलेल्या विषयाच्या दोन खुणा असतात. एक म्हणजे काही शब्द आपोआप एका कुळातले वाटू लागतात. दुसरी खूण मला जास्त विश्वासार्ह वाटते: जेथे अनेक साधे शब्द सहज बसले असते तेथे कोडेकाराने ‘रट्स’ किंवा ‘स्लिट्स’सारखा कमी वापरातला, तोही अनेकवचनी, शब्द निवडलेला असतो. अशा निवडीमागे जवळजवळ नेहमी काहीतरी कारण असते.

पंकच्या बाबतीत पहिली खूण हमखास फसवते. समजा, तुमच्या चौकटीत ‘टेलिव्हिजन’, ‘मॅगझिन’, ‘अ‍ॅडव्हर्ट्स’ आणि ‘वायर’ एवढी उत्तरे आली आहेत. कोणीही म्हणेल की विषय प्रसारमाध्यमे आहे, आणि मग उरलेल्या घरांत वृत्तपत्र, रेडिओ, वार्ताहर शोधत बसेल. दुसऱ्या कोपऱ्यात ‘सेंट्स’, ‘डॅम्ड’ आणि ‘फॉल’ आले तर तितक्याच खात्रीने विषय ख्रिस्ती धर्म वाटेल: संत, शापित आणि आदमाचे पतन. दोन्ही अंदाज चुकीचे आहेत, कारण हे सातही शब्द पंक किंवा पंकच्या अगदी निकटच्या गटांची नावे आहेत.

विषय ओळखण्याची कसोटी म्हणून मी हा नियम पाळतो: जो अंदाज सहज जुळणाऱ्या शब्दांवर उभा आहे तो कच्चा, आणि जो अंदाज न जुळणाऱ्या शब्दांचाही उलगडा करतो तो पक्का. माध्यमांचा अंदाज ‘स्लिट्स’पाशी अडतो आणि धर्माचा अंदाज ‘रट्स’पाशी. दोन्ही शब्द एकाच यादीत कोठे येतात हा प्रश्न विचारला की उत्तर १९७० च्या दशकातल्या संगीताकडे नेते.

६. पंकची कामापुरती ओळख करून घ्यावी

आता झाकून ठेवलेली यादी उघडावी. तिच्यात नुसती नावे न ठेवता गावे आणि वर्षेही लिहावीत, कारण व्याख्येत बऱ्याचदा गाव येते.

न्यूयॉर्कमध्ये बाउअरी रस्त्यावर सीबीजीबी नावाचा क्लब १९७३ मध्ये सुरू झाला आणि २००६ मध्ये बंद पडला. ‘टेलिव्हिजन’ आणि ‘रमोन्स’ हे गट तेथे पुढे आले. रमोन्स १९७४ मध्ये क्वीन्स भागातल्या फॉरेस्ट हिल्समध्ये स्थापन झाले. गटातले सगळे रमोन हेच आडनाव लावत, पण ते एकमेकांचे भाऊ नव्हते. कोड्याच्या व्याख्येत ‘क्वीन्स’ दिसले तर राणी, महाविद्यालय आणि पत्त्यांबरोबर न्यूयॉर्कचा हा भागही आठवावा.

लंडनमध्ये ‘सेक्स पिस्टल्स’चा पहिला कार्यक्रम नोव्हेंबर १९७५ मध्ये झाला. सप्टेंबर १९७६ मध्ये ऑक्सफर्ड स्ट्रीटवरच्या १०० क्लबमध्ये दोन दिवसांचा पंक महोत्सव झाला आणि त्याच ऑक्टोबरमध्ये ‘डॅम्ड’ने ब्रिटिश पंकची पहिली मानली जाणारी एकेरी तबकडी काढली. ‘क्लॅश’, ‘वायर’ आणि ‘अ‍ॅडव्हर्ट्स’ याच शहरातले, ‘जॅम’ जवळच्या वोकिंगचा. ‘स्लिट्स’ हा स्त्रियांचा गट. त्यांचा पहिला अल्बम १९७९ मध्ये आला आणि त्याचे नाव ‘कट’ होते, त्यामुळे तिसऱ्या पायरीतल्या सूत्राची व्याख्या जाणकाराला दुप्पट आनंद देते.

मँचेस्टरमध्ये ४ जून १९७६ रोजी लेसर फ्री ट्रेड हॉलमध्ये सेक्स पिस्टल्सचा कार्यक्रम घडवून आणणारे दोघे ‘बझकॉक्स’चे संस्थापक होते. त्यांपैकी हॉवर्ड डिव्होटो यांनी १९७७ मध्ये गट सोडून ‘मॅगझिन’ काढला. ‘फॉल’ही त्याच परिसरातला. याशिवाय उत्तर आयर्लंडमधल्या डेरीचा ‘अंडरटोन्स’, बेलफास्टचा ‘स्टिफ लिटल फिंगर्स’, स्कॉटलंडमधल्या डनफर्मलिनचा ‘स्किड्स’ आणि ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनचा ‘सेंट्स’ यादीत असावेत.

माणसांची टोपणनावेही शब्दकोशात सापडतात. सेक्स पिस्टल्सचे जॉन लायडन ‘रॉटन’ झाले, क्लॅशचे जॉन मेलर, ज्यांचा जन्म १९५२ मध्ये अंकारात झाला, ते ‘स्ट्रमर’ झाले आणि सेक्स पिस्टल्समधल्याच सिडच्या नावापुढे ‘व्हिशस’ लागले. ‘पोगो’ हा पंकचा नाच आणि पंक पोशाखातली ‘सेफ्टी पिन’ यांनाही चौकटीत जागा मिळू शकते. नाव लिहिताना स्पेलिंग तपासावे: बझकॉक्समध्ये झेड दोनदा येतो, आणि ‘सूझी अँड द बॅन्शीज’मधल्या सूझीच्या स्पेलिंगमध्ये अमेरिकेतल्या सू जमातीचे नाव आहे, म्हणून ऐकून लिहिलेले स्पेलिंग तेथे चुकते.

७. चौकटीच्या कडा वाचाव्यात

काही कोडेकार विषयाचा पुरावा चौकटीच्या कडेला ठेवतात. या दडवलेल्या मजकुराला ‘नीना’ म्हणतात. अमेरिकन व्यंगचित्रकार अल हर्शफेल्ड यांना १९४५ मध्ये मुलगी झाली, तेव्हापासून ते आपल्या चित्रांतल्या रेषांमध्ये तिचे नाव लपवत असत, त्यावरून ही संज्ञा आली.

पहिल्या ओळीत एकही आडवे उत्तर नसून एकाआड एक पांढरी घरे असतील तर तिथली आठ अक्षरे ही आठ उभ्या उत्तरांची आद्याक्षरे असतात. तेथे पी, एन आणि के ही पहिल्या, तिसऱ्या आणि चौथ्या पांढऱ्या घरात दिसली तर ‘पंक रॉक’ ही आठ अक्षरे ताडून पाहावीत. अशीच तपासणी शेवटच्या ओळीची, पहिल्या आणि शेवटच्या स्तंभाची आणि दोन्ही कर्णांची करावी. काहीच सापडले नाही तर कोड्यात नीना नाही असे धरून पुढे जावे. प्रत्येक विषयकोड्यात ती असतेच असे नाही.

८. विषयाच्या आधाराने उरलेली घरे भरावीत, पण सूत्राला विचारून

विषय पक्का झाला की यादीतली नावे रिकाम्या घरांच्या लांबीशी जुळवावीत. अडलेले घोडे येथे पुष्कळदा सुटते. मात्र याच टप्प्यावर सर्वांत मोठा सापळा आहे. समजा, पाच घरांपैकी दुसऱ्यात एल आणि चौथ्यात एस छेदातून आले आहे आणि पहिल्या घराला छेद नाही. पंकचे नाव मनात असताना हात आपोआप ‘क्लॅश’ लिहू लागतो. पण सूत्र असे आहे: ‘स्मॉल व्हिप टू कट’ (५). ‘स्मॉल’चा संक्षेप एस, चाबकासाठी ‘लॅश’, आणि व्याख्या ‘कट’, म्हणजे उत्तर ‘स्लॅश’. विषयकोड्यातही निम्म्याहून अधिक उत्तरे बहुधा विषयाबाहेरची असतात, त्यामुळे नाव जुळते म्हणून लिहू नये, शब्दखेळ जुळतो म्हणून लिहावे.

९. ताळा घ्यावा

खूण केलेली सगळी सूत्रे पुन्हा काढून त्यांची व्याख्या, सूचक शब्द आणि अक्षरे एकेक करून तपासावीत. सूत्रातला एकही शब्द बेकार उरला तर उत्तर संशयास्पद समजावे. मग विषयाची नावे वेगळ्या रंगाने अधोरेखित करावीत. एखादे नाव अनोळखी वाटले तर त्याची माहिती काढून यादीत भर घालावी. कोडे वाचकस्पर्धेचे असेल तर निकाल लागेपर्यंत उत्तरे इतरांना सांगू नयेत.

१०. सरावासाठी पाच सूत्रे

अ) ‘स्लाइड्स फॉर स्मॉल चिल्ड्रन’ (५)
आ) ‘कमर्शिअल्स स्टार्व्ह्ड, सॅडली’ (७)
इ) ‘पीरियॉडिकल पार्ट ऑफ रायफल’ (८)
ई) ‘हिंट्स अंडर स्टोन, डिस्टर्ब्ड’ (१०)
उ) ‘ओर्समेन रॉकिंग अ क्वीन्स बँड’ (७)

उत्तरे वाचण्याआधी कागदावर अक्षरांची वर्तुळे काढून पाहावीत.

अ) ‘स्किड्स’: ‘स्मॉल’चा एस आणि मुलांसाठी ‘किड्स’, व्याख्या पहिला शब्द, आणि ‘फॉर’ हा केवळ सांधा. आ) ‘अ‍ॅडव्हर्ट्स’: ‘सॅडली’ सांगते की ‘स्टार्व्ह्ड’ची सात अक्षरे विस्कटा. इ) ‘मॅगझिन’: दुहेरी व्याख्या, एक नियतकालिकाची आणि दुसरी बंदुकीतल्या काडतुसांच्या कप्प्याची. ई) ‘अंडरटोन्स’: ‘अंडर’ आणि ‘स्टोन’ मिळून दहा अक्षरे होतात, त्यांतला एस उचलून शेवटी ठेवला की काम झाले. उ) ‘रमोन्स’: ‘ओर्समेन’ची सात अक्षरे हलवून. या पाचव्या सूत्रात व्याख्येनेच विषय उघड केला आहे. घोस्ट थीमच्या कोड्यात असे सूत्र सहसा नसते, पण विषय उघडपणे खेळवणाऱ्या कोड्यात ते हमखास भेटते आणि बाकीच्या नावांचा दरवाजा तेच उघडून देते.